ज्या प्रार्थनांची साक्ष कुणी देत नाही

चर्चच्या उपासनेत साक्षीची वेळ आली की लोक एकेक करून उभे राहतात आणि आपण काय मागितले, काय मिळाले ते सांगतात. नोकरी लागली, पोटातली गाठ साधी निघाली, रागावून घर सोडून गेलेला मुलगा परत आला. मंडळी 'हालेलूया' म्हणते आणि ते मनापासून असते. मला या साक्षी आवडतात, त्या खोट्या वाटत नाहीत. पण त्याच बाकांवर अशीही माणसे बसलेली असतात, ज्यांनी तितक्याच कळवळ्याने मागितले, उपास केले, रात्री जागून काढल्या, आणि त्यांना मिळाले नाही. 'मी मागितले आणि मला दिले गेले नाही' एवढेच उभे राहून म्हणायचे, तरी आपण देवाची तक्रार चव्हाट्यावर मांडतो आहोत असे त्यांना वाटते. म्हणून ती गप्प बसतात. पुढे त्यातली काही येणेच बंद करतात, आणि ती का येत नाहीत हे कुणी विचारत नाही.

या माणसांना गप्प बसवावे असे पवित्र शास्त्रात मला कुठे दिसत नाही. उलट नाकारलेल्या प्रार्थना तिथे उघड्यावर लिहून ठेवलेल्या आहेत, आणि त्या कुणा पाखंड्याच्या नाहीत. मोशेच्या आहेत, पौलाच्या आहेत, खुद्द येशूची आहे.

प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय घ्या. हेरोद अग्रिप्पा राजा मंडळीचा छळ सुरू करतो आणि योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो. एवढेच. याकोब बारा शिष्यांपैकी एक, त्यातही येशूच्या अगदी निकटच्या तिघांपैकी. पण त्याच्या मरणाला अर्धीअधिक ओळसुद्धा मिळत नाही. मग हेरोद पेत्राला धरतो, आणि इथे कथा सविस्तर होते. चार-चार शिपायांच्या चार तुकड्या पहाऱ्यावर, पेत्र दोन साखळ्यांनी जखडलेला, दोन शिपायांच्या मध्ये झोपलेला. देवदूत येतो, त्याच्या कुशीत मारून त्याला उठवतो, साखळ्या गळून पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. मंडळी त्याच्यासाठी एकाग्रतेने प्रार्थना करत होती, असे तिथे लिहिले आहे. याकोबासाठी केली होती की नाही, याचा उल्लेख नाही. पण ज्यांनी पेत्रासाठी रात्र जागवली त्यांनी याकोबासाठी हात जोडले नसतील, हे मला मानवत नाही.

तोच राजा, तीच मंडळी, तोच देव. एकाची मान गेली, दुसऱ्याच्या बेड्या गळाल्या. हे पुस्तक लिहिणारा लूक कारण देत नाही. पेत्राचा विश्वास जास्त होता असे म्हणत नाही, याकोबाची वेळ भरली होती असेही म्हणत नाही. आणि त्या कथेतला पुढचा भाग तर विश्वासाची मापे काढणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. सुटलेला पेत्र दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी त्याचा आवाज ओळखते, आनंदाच्या भरात दार उघडायचे विसरते आणि आत धावत जाऊन सांगते. आतले लोक त्याच्याच सुटकेसाठी प्रार्थना करत आहेत, आणि ते तिला म्हणतात, 'तू वेडी आहेस.' ज्या प्रार्थनेला इतके भव्य उत्तर मिळाले ती करणाऱ्यांचा विश्वास असा होता. मिळणे न मिळणे हे विश्वासाच्या वजनावर ठरते म्हणणारा ही कथा कुठे बसवणार?

याकोबाच्या आईचीही एक प्रार्थना नोंदलेली आहे. मत्तय सांगतो की ती आपल्या दोन्ही मुलांना घेऊन येशूकडे आली, त्याच्या पाया पडली आणि म्हणाली, तुझ्या राज्यात माझ्या या मुलांपैकी एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसू दे. आपण तिला महत्त्वाकांक्षी म्हणून मोकळे होतो, पण कोणती आई मुलांसाठी चांगली जागा मागत नाही? येशू तिच्यावर रागावला नाही. तुम्ही काय मागता हे तुम्हांला कळत नाही, एवढे म्हणाला, आणि मुलांना विचारले, मी पिणार आहे तो प्याला तुम्हांला पिता येईल का? प्याला म्हणजे वाट्याला येणारे दुःख. पुढे सात अध्यायांनंतर वधस्तंभ उभा राहतो, त्याच्या उजवीकडे एक लुटारू आणि डावीकडे एक. दुरून पाहणाऱ्या स्त्रियांची नावे मत्तय देतो, त्यांत जब्दीच्या मुलांची, म्हणजे याकोब-योहानाची, आई आहे. आपण मागितलेल्या त्या दोन जागा कुणाला मिळाल्या हे तिने डोळ्यांनी पाहिले. मत्तय यावर एक शब्दही बोलत नाही, वाचणाऱ्याने दोन अध्याय शेजारी ठेवून पाहावेत. तिची प्रार्थना नाकारली गेली ही तिच्या मुलांवरची केवढी दया होती! पण त्याच मुलांपैकी एक पुढे तलवारीखाली गेला. म्हणजे दया झाली, आणि प्यालाही टळला नाही. हे दोन्ही एकत्र धरायला मला फार जड जाते, पण त्यातले एक सोडून दिले तर ते शास्त्र उरत नाही.

नाकारण्यात दया असते हे काही ठिकाणी अगदी स्पष्ट दिसते. मोशे, एलीया आणि योना या तिघांनीही देवाकडे मरण मागितले होते. लोकांचा भार असह्य झाला तेव्हा मोशे म्हणाला, त्यापेक्षा मला मारून टाक. ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला एलीया रानात एका झुडपाखाली बसून म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. योना निनवे शहरावर रुसून मरण मागत राहिला. तिघांनाही ते मिळाले नाही. एलीयाला काय मिळाले? झोप, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुजा. देवाने त्याच्या मागणीला उत्तर दिले नाही, वादही घातला नाही, त्याला दोनदा उठवून जेवू घातले. आणि ज्याने मरण मागितले त्या एलीयाला तर पुढे मरणच आले नाही, तो वावटळीतून वर गेला. निराशेत मरण मागणारी माणसे मी जवळून पाहिली आहेत. त्यांच्यापैकी जी आज आपल्यात आहेत त्यांच्याकडे पाहून मी या नाकारलेल्या प्रार्थनांसाठी देवाचे आभार मानते.

पण याच मोशेची दुसरी प्रार्थना इतकी सहज पचत नाही. वचनदत्त देशात पाऊल ठेवू दे, यार्देनेपलीकडची ती चांगली भूमी पाहू दे, एवढेच त्याने काकुळतीने मागितले. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात देवाचे उत्तर आहे: पुरे, या गोष्टीविषयी माझ्याशी पुन्हा बोलू नकोस. पिसगाच्या शिखरावरून देश दिसला, पण पाय लागला नाही. चाळीस वर्षे चालून.

आता त्या उत्तरांकडे येते जी आपण एकमेकांना देतो. 'देव तीन प्रकारे उत्तर देतो: हो, नाही, आणि थांब.' हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि रविवारच्या शाळेत शिकवलेही आहे. त्यात तथ्य आहे. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला, तेव्हा ते 'थांब' होते. पौल ज्याला 'शरीरातला काटा' म्हणतो त्या यातनेबद्दल मिळालेले उत्तर 'नाही' होते. पण हे सूत्र इतके बिनचूक आहे की जे काही घडेल ते त्यात बसते, आणि म्हणूनच दुःखात असलेल्या माणसाच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही. पौलाने तीनदा विनवणी केली आणि त्याला शब्दांत उत्तर मिळाले: 'माझी कृपा तुला पुरे आहे.' ते उत्तर ऐकून तो काटा सोसायला तयार झाला. आपल्यातल्या बहुतेकांना असे शब्द ऐकू येत नाहीत. आपल्याला फक्त शांतता मिळते, आणि ती नकाराची आहे की प्रतीक्षेची की आणखी कशाची, हे आपल्याला बाहेरून ठरवता येत नाही. मग शेजारी बसलेला माणूस तिचा अर्थ इतक्या खात्रीने कसा सांगतो?

माझ्या थोरल्या बहिणीच्या आजारपणात अशी खात्री असलेली माणसे आमच्याकडे आली. कर्करोग शरीरभर पसरला होता. तिची दोन मुले शाळेत जात होती. सगळी मंडळी तिच्यासाठी प्रार्थना करत होती, साखळी-प्रार्थना चालू होती, कुणी पहाटे, कुणी मध्यरात्री. त्या प्रेमाचे ऋण मी कधी विसरणार नाही. पण एक पाहुणे उपदेशक तिच्या उशाशी बसून म्हणाले, 'ताई, देव तर द्यायला तयार आहे. अडथळा तुमच्याकडून आहे. कुठलेतरी पाप कबूल करायचे राहिले आहे, नाहीतर विश्वासात कुठेतरी फट आहे. शोधा.' आणि ती शोधत राहिली. ज्या आठवड्यांत तिने मुलांना जवळ घेऊन बोलायचे त्या आठवड्यांत ती आपले सगळे आयुष्य उलटेपालटे करून पाप शोधत होती. कुणाला कधी काय बोलले, लग्नाआधी आईला कशावरून दुखवले, कोणत्या रविवारी चर्च चुकवले. ती मला विचारायची, 'तुला काही आठवतं का गं?' मरणाचे दुःख मी देवापुढे कसेबसे ठेवू शकले आहे. त्या प्रश्नाचे दुःख अजून तसेच आहे.

म्हणून मी नंतर ती वचने पुन्हा काढून वाचली, जी अशा वेळी रोग्याच्या तोंडावर फेकली जातात. ती कुणाला उद्देशून आहेत हे पाहिले. 'तुम्ही कितीही प्रार्थना केल्या तरी मी ऐकणार नाही', असे यशयाच्या पहिल्याच अध्यायात आहे. पण ते कुणाला? ज्यांचे हात रक्ताने भरलेले आहेत त्यांना. पुढच्याच ओळींत त्यांना काय करायचे ते सांगितले आहे: अनाथाला न्याय द्या, विधवेची बाजू घ्या. 'तुम्ही मागता पण तुम्हांला मिळत नाही, कारण तुम्ही अयोग्य प्रकारे मागता', हे याकोबाच्या (वरच्या नव्हे, दुसऱ्या याकोबाच्या) पत्रातले वचन आपसांत भांडणाऱ्या आणि चैनीत उडवण्यासाठी मागणाऱ्या लोकांना आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात नवऱ्यांना ताकीद आहे की बायकोला मान देऊन वागा, नाहीतर तुमच्या प्रार्थनांत अडथळा येईल. हे वचन कुणी घरी येऊन नवऱ्याला सुनावल्याचे मी अजून ऐकलेले नाही. प्रार्थना अडते असे शास्त्र जिथे म्हणते तिथे बहुतेकदा बोट बलवानाकडे असते. आपण ते उचलून खाटेवर पडलेल्या बाईकडे वळवतो.

आणि विश्वासाचे काय? मार्काच्या नवव्या अध्यायात फेफरे येणाऱ्या मुलाचा बाप येशूला म्हणतो, तुला काही करता आले तर कर. त्याच्या विश्वासात फट आहे, आणि ती तो लपवत नाही: 'मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून दे.' मुलगा बरा होतो. मत्तयाच्या वृत्तांतात 'अल्पविश्वास' हा ठपका येतो तो शिष्यांवर, म्हणजे जे बरे करायला निघाले होते आणि ज्यांना जमले नाही त्यांच्यावर. मुलावर नाही, बापावर नाही. नासरेथात अविश्वासामुळे येशूला फारसे काही करता आले नाही हे खरे, पण ते त्याला धुडकावणारे गाव होते. मदत मागत आलेल्या एकाही आजारी माणसाला 'तुझा विश्वास पुरत नाही' म्हणून येशूने परत पाठवले, अशी एकही कथा चारही शुभवर्तमानांत नाही. हे माझ्या ताईला वेळेवर सांगायला कुणीतरी हवे होते.

संकटांमागून संकटे कोसळलेल्या ईयोबाच्या मित्रांचे प्रकरण आपण वाचतो, त्यावर उपदेशही ऐकतो, आणि तरी त्यांच्याच जागी जाऊन बसतो. ते सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर सगळे ठीक होते. मग त्यांनी स्पष्टीकरण द्यायला तोंड उघडले. शेवटी देवाचा राग भडकतो तो आरडाओरडा करणाऱ्या ईयोबावर नाही, देवाची बाजू मांडणाऱ्या त्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असे देव त्यांना म्हणतो.

मोठ्या पातळीवरचीही एक अडचण आहे. दोन माणसे परस्परविरुद्ध मागतात तेव्हा काय? अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या अखेरीस, 4 मार्च 1865 रोजी, दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झालेल्या अब्राहम लिंकन यांनी शपथविधीच्या भाषणात हे उघड बोलून दाखवले: दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात, दोघांच्याही प्रार्थना मान्य होणे शक्य नव्हते, आणि एकाचीही पूर्णपणे मान्य झालेली नाही. जगाचा विचार करताना हे समजते. पण ताईचे जगणे कुणाच्या प्रार्थनेच्या आड येत नव्हते, म्हणून हे उत्तर माझ्या कामी आले नाही.

प्राचीन ख्रिस्ती लेखक आणि बिशप ऑगस्टीनच्या आईची, मोनिकाची गोष्ट मात्र माझ्या कामी आली, जरा वेगळ्या रीतीने. मुलगा विश्वासात यावा म्हणून ती वर्षानुवर्षे रडून प्रार्थना करत होती. 383 साली तो कार्थेज सोडून रोमला निघाला, तेव्हा त्याने जाऊ नये म्हणून ती त्याला बिलगली. त्याने थाप मारली की मी फक्त एका मित्राला निरोप द्यायला चाललो आहे. बंदराजवळ संत सिप्रियन यांच्या स्मरणार्थ असलेल्या प्रार्थनास्थळी तिने ती रात्र काढली, त्याने जाऊ नये म्हणून प्रार्थना करत. सकाळी जहाज गेलेले होते. पण तो प्रवास त्याला पुढे मिलानला, तिथले बिशप अँब्रोझ यांच्याजवळ घेऊन गेला, आणि 387 च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. तिने त्या रात्री जे मागितले ते देवाने दिले नाही, कारण ती नेहमी जे मागत आली होती ते त्याला द्यायचे होते, असे ऑगस्टीनने स्वतः लिहिले. उपदेशात इथपर्यंत सांगून थांबतात. मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. हे कुणी लिहिले? ज्याच्यासाठी प्रार्थना झाली त्याने, मागे वळून, अनेक वर्षांनी. त्या सकाळी रिकाम्या किनाऱ्यावर दुःखाने वेड्यापिशा झालेल्या मोनिकाला कुणी हे सांगितले असते, तर ते खरे असूनही क्रूर ठरले असते. काही सत्ये फक्त ज्याची त्याने, आणि फक्त नंतर बोलायची असतात. ताईच्या बाबतीत तो 'नंतर' मला अजून दिसलेला नाही, आणि मी तो ओढूनताणून आणणार नाही.

तिच्या शेवटच्या दिवसांत भेटायला येणारे स्तोत्र 91 वाचायचे किंवा 103. तुझ्या तंबूजवळ पीडा येणार नाही, तो तुझे सर्व रोग बरे करतो. सुंदर स्तोत्रे आहेत. पण ती ऐकताना तिचा चेहरा आवळत जायचा, जणू प्रत्येक ओळ तिला तिच्यातल्या उणिवेची आठवण करून देत होती. एका दुपारी मी तिला 88 वे वाचून दाखवले. रात्रंदिवस हाक मारली, हात पसरले, तू मुख का लपवतोस, आप्तेष्ट दूर झाले, अंधारच सोबतीला. इतर बहुतेक विलापगीते निदान शेवटी तरी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपते. मी थांबले. ताई म्हणाली, 'हे बायबलात आहे?' मी हो म्हटले. 'परत वाच.' मी परत वाचले. त्यानंतर तिने पाप शोधणे थांबवले. ती देवाशी भांडू लागली, आणि मला ते भांडण तिच्या आधीच्या सगळ्या कबुलीजबाबांपेक्षा जास्त प्रार्थनेसारखे वाटले. कारण ते स्तोत्र कितीही काळोखे असले तरी त्याची पहिलीच हाक 'माझ्या तारणाऱ्या देवा' अशी आहे.

येशूने अटकेआधी जिथे प्रार्थना केली त्या गेथशेमाने बागेविषयी मी आता वेगळ्या नजरेने वाचते. 'अब्बा, बापा, तुला सर्व काही शक्य आहे. हा प्याला माझ्यापासून दूर कर.' 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे आपण घाईघाईने उचलतो आणि आधीचे वाक्य जणू प्रस्तावना असल्यासारखे ओलांडून जातो. पण त्याने आधी स्पष्ट मागितले. मत्तय सांगतो की तीनदा मागितले. ज्याच्यात पाप नव्हते आणि ज्याच्या विश्वासात फट नव्हती त्याने मागितले, आणि प्याला दूर झाला नाही. वधस्तंभावर तर 22 व्या स्तोत्रातला तो प्रश्न आला: 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' त्या प्रश्नाला त्या दुपारी आकाशातून उत्तर आले नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी वाणी झाली होती, रूपांतराच्या डोंगरावर झाली होती. इथे नाही.

इब्री लोकांस पत्र मात्र एक विलक्षण गोष्ट म्हणते: त्याने मोठ्याने आक्रोश करत, अश्रू गाळत, मरणातून वाचवू शकणाऱ्या देवाकडे प्रार्थना केली, आणि ती ऐकण्यात आली. ऐकण्यात आली? तो तर मेला. ख्रिस्ती विश्वासाचे सगळे ओझे या एका वाक्यावर आहे. मरणापासून नव्हे तर मरणातून, शुक्रवारच्या अलीकडे नव्हे तर रविवारी, असे ते ऐकणे होते. मी यावर विश्वास ठेवते. ताईला मी पुन्हा भेटेन यावर विश्वास ठेवते. पण तिच्या मुलांना आईशिवाय वाढावे लागले हे पुनरुत्थानाच्या आशेने पुसले जात नाही, आणि तसे पुसायला शास्त्रही सांगत नाही. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात वेदीखालचे हुतात्मे, जे देवाजवळ पोहोचलेले आहेत तेही, मोठ्याने विचारतात: हे प्रभू, कोठवर? त्यांना शुभ्र झगे दिले जातात आणि आणखी थोडा वेळ थांबायला सांगितले जाते. 'कोठवर' हा प्रश्न स्वर्गातही विचारला जातो, तर मंडळीतल्या बाकावर तो विचारायला हरकत कशी असेल?

आता मी दुखणेकऱ्यांना भेटायला जाते तेव्हा कारणे सांगत नाही. कुणी विचारले, 'देव माझे का ऐकत नाही?' तर मला ठाऊक नाही म्हणते, आणि त्यांची इच्छा असेल तर 88 वे स्तोत्र वाचते. पण मागायचे मी सोडलेले नाही. 'तुझी इच्छा असेल तर' हे शब्द मी सुरुवातीला घालत नाही, ते शेवटी येतात, बागेत आले तसे. आमच्या मंडळीतल्या एका तरुण बाईच्या मेंदूची शस्त्रक्रिया येत्या आठवड्यात आहे. तिच्यासाठी मी रोज मागते आहे की गाठ पूर्ण निघावी, तिचे बोलणे शाबूत राहावे, आणि तिने आपल्या मुलीला मोठी होताना पाहावे.